कुत्र्याले गोत नसते

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा रतनसिंग हरभऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून भाकर खात होता. बादल त्याच्याजवळ पाय ताणून पडला होता. उजाडता उजाडता त्या कुत्र्याने रोह्यांचा, नीलगायींचा, कळप नाल्यापलीकडे घालवला होता आणि आता आपलं काम झालं अशा थाटात डोळे मिटले होते.

फोन कारंज्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून होता. बादलची आई हरणी दिवाळीनंतर तिथेच, डॉक्टर सुकेशनींच्या टेबलावर मेली होती. बाईंनी तेव्हा विचारलं होतं, हिचा मेंदू तपासायला पाठवू का, नाहीतर हिला काय झालं होतं ते कधीच कळणार नाही. रतनसिंग हो म्हणाला होता. काय झालं होतं ते त्याला माहीतच होतं, पण शेवटचे काही आठवडे बाईंनी मनापासून औषधपाणी केलं होतं. त्यांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. बाईंनी हरणीचं रक्तही काढून ठेवलं होतं, आणि बादलचंही घेतलं होतं.

"काका, हैदराबादहून रिपोर्ट आले," बाई म्हणाल्या. "हरणीचा मागचा मेंदू पार झिजून गेलेला होता. जनावराचा तोल तिथून सांभाळला जातो. म्हणून ती पडायची."

"हो ना. फवारनीच्या जहरानं."

"नाही काका. जहर नाही. हा आजार जन्माचा होता. आईबापाकडून रक्तातून आलेला."

रतनसिंगने घास खाली ठेवला. "जहराचा काईच हात नाई?"

"काहीच नाही. तिला फवारलेल्या वावरात कधी नेलं नसतं तरी हेच झालं असतं. कुणाच्याही घरी असती तरी."

बाई पुढेही पुष्कळ बोलल्या. बादलबद्दल काही सांगितलं, त्याची जोड लावू नका म्हणाल्या, येऊन भेटा म्हणाल्या. रतनसिंग हो, हो म्हणत गेला. फोन बंद झाल्यावर त्याने उरलेली भाकर बादलपुढे टाकली आणि हात पुसायचे विसरून तसाच बसून राहिला. चंपाबाईने काही केलं नव्हतं. आणि चंपाबाई, त्याची बायको, आषाढातच गेली होती.

रतनसिंगच्या घरच्या कुत्र्यांचं नाव आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांत होतं. उंच, पोट पाठीला लागलेलं, तोंड लांबट, पळायला लागलं की पाय दिसू नयेत असं कुत्रं. लमाणी कुत्री तशी बाहेर पुष्कळ आहेत, पण गावातल्या कुत्र्यांशी सरमिसळ न झालेली फार थोडी, आणि ती रतनसिंगकडे, असं लोक म्हणत. तो पिल्लू विकत नसे. त्याच्या बापानेही कधी विकलं नाही. ज्याच्या घरी कुत्री दिली, त्याने तिच्या पहिल्या वेतातलं चांगलं पिल्लू परत आणून द्यायचं, एवढाच बोल असे. बापाच्या काळी कुत्री पुष्कळ होती आणि तांडे दूरदूरचे. फिरून आलेल्या पिल्लात चार घरचं रक्त मिसळलेलं असे. रतनसिंगच्या काळात चांगली कुत्री मोजकी उरली, आणि तीही बहुतेक त्याच्याच गब्रू नावाच्या कुत्र्याची. पिल्लू परत यायचं ते गब्रूचंच रक्त घेऊन. रतनसिंगला याचा अभिमान होता. बाहेरचा कुत्रा आणणं म्हणजे दुधात पाणी घालणं, असं तो चारचौघांत सांगे.

एके वर्षी किन्हीराजाहून त्याचे व्याही उदयसिंग एक पिल्लू घेऊन आले. रतनसिंगची लेक रंजीता त्यांच्या घरी दिलेली. गब्रूची एक लेक तिच्यासोबतच सासरी गेली होती, तिच्या पहिल्या वेतातली ही कुत्री. अशी देखणी की बघायला अर्धा तांडा अंगणात जमला. मोठी झाली की हिला गब्रूलाच लावायची, हे रतनसिंगने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

चंपाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. ती म्हणाली, "हे गब्रूची नात होय ना?"

"मंग?"

"मंग काय. राठोडाची पोरगी तुमी राठोडाच्या घरी देत नाई. बापाचं गोत पायता, मामाचं गोत पायता. अन इथी आज्याले नात देऊन राह्यले."

बसलेले सगळे हसले. रतनसिंगही हसला. "कुत्र्याले गोत नसते," तो म्हणाला.

"त्याले नसन. तुमाले तं हाय," चंपाबाई म्हणाली आणि सोललेला लसूण घेऊन आत गेली.

त्या जोडीतून हरणी झाली. तिच्यासारखी कुत्री रतनसिंगने आयुष्यात पाहिली नव्हती. पण ती राहिली चंपाबाईच्या मागे. चंपाबाई निंदायला गेली की धुऱ्यावर बसायची, पाण्याला गेली की पुढे पळायची. गब्रू तोवर मेला होता, म्हणून नाइलाजाने तिला एका दूरच्या तांड्यातला कुत्रा लावला, आणि तिच्या एकाच वेतात चार पिल्लं जगली. बादल घरी ठेवला. पवळी नावाची कुत्री उदयसिंगकडे गेली, एक कुत्रा शेजारच्या तांड्यातल्या हेमलाकडे आणि एक तांड्याचे नायक गोविंदसिंग यांच्याकडे.

पिल्लं मोठी झाली, आणि चंपाबाई जायच्या आदल्या वर्षी, भादव्यात कधीतरी, हरणी वळताना पडली. त्या दिवशी कपाशीवर फवारणी झाली होती आणि चंपाबाई तिला घेऊन वावरात गेली होती. संध्याकाळी अंगणात हाक मारल्यावर हरणी मागे फिरली ती एका कुशीवर आडवी झाली. उठली, पुन्हा पडली. पाणी प्यायला गेली तर तोंड घमेल्याच्या बाजूला गेलं. पाय असे उचलून टाकू लागली जशी गुडघाभर पाण्यातून चालते आहे.

रतनसिंगचं डोकं फिरलं. लोक जमलेच होते. त्यांच्यासमोर तो बोलला, "फवारलेल्या वावरात नेलं तू तिले. इतकी अक्कल नाई? खराब केली माही कुत्री."

"मी धुऱ्यावरच बसवली होती," चंपाबाई म्हणाली. "आत नोती गेली ते."

"मंग जहर काय उडून आलं?"

चंपाबाई खाली वाकून हरणीला उठवू लागली. काही दिवस गेले आणि ती गोष्ट साऱ्या तांड्याची झाली. हरणीला बघून कुणी विचारलं की उत्तर तयार असे: चंपाबाईनं फवारणीत नेली. कारंज्याला दाखवू म्हणून चंपाबाई दोनदा म्हणाली. जहर अंगात भिनल्यावर डॉक्टर काय करणार, म्हणून रतनसिंगने नेलं नाही.

मग एक दिवस त्याची सासू चंदाबाई आली. कारंज्याच्या पुढे तिचा तांडा. तिथून ती म्हातारी एक गाभण बकरी घेऊन आली आणि त्याच्या अंगणात खुंटीला बांधली. तिने ओढणी पुढे ओढली, जावयासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या लेकीच्या हातून तुमचं नुसकान झालं. राग धरू नका. हे ठेवून घ्या." तेव्हाही लोक होते. रतनसिंगने तिला आई म्हणून नुसतं 'याडी, हे कशाला' म्हटलं असतं, तरी पुरे होतं. तो म्हणाला, "राहू द्या तठी." आणि बकरी ठेवून घेतली.

चंपाबाईने हरणीला वर्षभर सांभाळलं. पोटाखालून जुनं लुगडं घालून ती तिला उभी करायची, अंगणात फिरवायची. खाऊ घालण्याआधी हात साबणाने धुवायची आणि रतनसिंग दिसला तर पुन्हा धुवायची. पुढे पुढे तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. एकदा गोठ्याच्या आडोशाला ती हरणीला म्हणत होती, "मले समजलं नाई गं माय. मले समजलं असतं तं नसती नेली." रतनसिंगने ते ऐकलं होतं. ऐकून तो बैलाला पाणी पाजायला गेला होता. आषाढात जेवण झाल्यावर तिच्या छातीत दुखू लागलं आणि कारंज्याला पोचायच्या आधी ती गेली. पुढे हरणी उठेनाशीच झाली, तेव्हा कुठे रतनसिंगने तिला बाईंकडे नेलं.

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी रतनसिंग एसटीने कारंज्याला गेला. बाईंनी खुर्ची दिली. तो उभाच राहिला. त्याला एकच विचारायचं होतं.

"मॅडम, थोडं तं जहर असन. अर्दं जहर, अर्दं रक्त. असं होत असन ना?"

सुकेशनीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या याच भागातल्या होत्या. बोलायला सरळ होत्या. "काका, बसा आधी. जहराने जनावर एकदम आजारी पडतं, मरतं नाहीतर हळूहळू सुधारतं. हरणी महिन्या महिन्याला थोडी थोडी जास्त बिघडत गेली, हे तुम्हीच सांगितलं मला. आणि रक्तात ती चूक सापडली आहे. दुसऱ्या एका जातीच्या कुत्र्यांत आधी सापडलेली, तीच. मला हिचं घराणं सांगा बरं, आईकडून आणि बापाकडून."

घराणं रतनसिंगला तोंडपाठ होतं. हरणीचा बाप गब्रू, तो सांगू लागला. आई किन्हीराजाहून आलेली. तिची आई गब्रूची लेक. गब्रूची आई… इथे तो थांबला.  दोन्हीकडून जाऊन आपण एकाच कुत्र्यापाशी पोचलो हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं होतं.

"पिल्लाच्या रक्तात प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती येतात," बाई म्हणाल्या. "एक आईची, एक बापाची. एक खराब निघाली तरी दुसरी काम भागवते. गब्रूत एक खराब होती, त्याला काही झालं नाही."

"म्हातारा होऊन मेला तो. एकडाव पडला नाई."

"पडणारच नाही. असं कुत्रं शेवटपर्यंत धावतं, पण खराब प्रत पुढे देत राहतं. लेकीला दिली, लेकीने नातीला. मग तुम्ही नातीला आज्यालाच लावलं. हरणीला दोन्हीकडून खराबच आली. काम भागवायला चांगली उरलीच नाही."

"अन मी बाहेरचा कुत्रा आनला असता तं?"

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "तर हरणीसारखी कुत्री आज धावत असती, काका. बहुतेक."

रतनसिंग खुर्चीवर बसला.

हरणीच्या चारही पिल्लांत एकेक खराब प्रत आहेच, बाईंनी सांगितलं, कारण तिच्याकडे देण्यासारखी दुसरी नव्हतीच. बाप दूरच्या रक्ताचा, म्हणून ती पिल्लं आजारी पडणार नाहीत. पण त्यांची आपसात जोड लावली तर पुन्हा हरणीसारखी पिल्लं होतील, आणि ते चारेक वर्षांनी कळेल, तोवर त्यांचीही पिल्लं झालेली असतील. बादलचं ऑपरेशन करून टाकू, बाकीच्यांना सांगा. रतनसिंग सांगतो म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. नायकाच्या घरावरून दोनदा गेला, आत शिरला नाही. कुत्र्यांचं सांगायचं तर पहिल्या वाक्यालाच चंपाबाई येत होती. दोन दिवसांनी उदयसिंगांचा फोन आला. पवळी माजावर आली होती, रविवारी बादलसाठी घेऊन येतो म्हणाले. रतनसिंगच्या तोंडून निघून गेलं, "या."

रविवारी व्याही पिकअप घेऊन आले. पवळी मागे दावणीला बांधलेली, आणि पुढे सासऱ्याच्या शेजारी रंजीता. आई गेल्यापासून ती अशी संधी सोडत नसे. उतरल्या उतरल्या ती घरात गेली आणि चुलीजवळच्या डब्यांवरची धूळ पुसू लागली.

"इवाई, नवरी आनली," उदयसिंग खाटेवर बसत म्हणाले. "नवरदेव कुठी लपवला?"

बादलला रतनसिंगने सकाळीच वावरातल्या खोपडीत बांधून ठेवलं होतं. "पाय मुरगळला त्याचा," तो म्हणाला.

"पायानं काय होते? लगन काय पायानं लागते?" उदयसिंग हसले. रतनसिंग हसला नाही. "बरं बाप्पा, नसन जमत तं राहू द्या. हेमलाकडे नेतो मंग. त्याचाबी हरणीचाच होय, तोच माल."

"हेमलाकडे नेऊ नका."

"काहून?"

"तो पवळीचा भाऊ होय."

"अन बादल कोन होय? तोबी भाऊच. तुमीच तं सांगत असता सगळ्यायले, कुत्र्याले गोत नसते म्हनून."

पवळी पिकअपमध्ये उभी राहून बापजाद्यांचं अंगण हुंगत होती. अगदी हरणीचा चेहरा. रतनसिंगने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि फोनवर व दवाखान्यात ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. कसं सुरू करावं म्हणून इतके दिवस अडलेलं, ते दहा वाक्यांत संपलंही.

"म्हंजे पवळीबी पडन?" उदयसिंगांनी विचारलं.

"ते नाई पडत. भावासंगं लावली तं तिची पिल्लं पडतीन."

"बाप्पा." उदयसिंगांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमी सगळीकडे सांगत फिरतो, रतनसिंगच्या घरचं कुत्रं म्हनून. अन तुमी आमच्या दावनीले हे बांधून देल्लं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पन इवाई, हरणी तं फवारनीनं गेली ना? तुमीच म्हनले होते. मी सोता इथी बसलो होतो."

रंजीता चहा घेऊन दारात आली होती. तिने सासऱ्यापुढे कप ठेवला. बापाचा कप तिच्या हातातच राहिला.

"मंग मायनं काई केलं नोतं," ती म्हणाली.

"नाई," रतनसिंग म्हणाला. "तिच्यानं काई झालं नोतं."

"तुमाले कवा कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी कळलं, अन आज तुमी पाय मुरगळला म्हनून सांगून राह्यले."

"बाई, जाऊ दे," उदयसिंग म्हणाले. "बापाले असं…"

"मामाजी, चहा घ्या, थंडा होईन." तिचा आवाज चढला नव्हता. तिने बापाचा कप खाली ठेवला, पण त्याच्या हाताला लागेल असा नाही. "आजीले सांगतलं?"

"नाई."

"तिनं मोठ्या मामाकडून बकरी मागून आनली होती, म्हाईत हाय तुमाले? तिच्याजवळ नोती. मायले मेल्यावर न्हाऊ घातलं तवा आजी म्हने, माही पोर चुकली होती पन वाईट नोती. मी तठीच, तिच्या शेजारी. मलेबी तेच खरं वाटे, बाबा. मायले एकडाव म्हनलंबी होतं मी, तू जरा पाहाले पायजे होतं म्हनून."

आता ती रडेल असं रतनसिंगला वाटलं. ती रडली नाही. आत गेली, उरलेले डबे पुसले आणि निघताना दारात थांबली. "मी नाई सांगनार आजीले. ते तुमच्या तोंडून गेलं पायजे. अन तांड्यातबी. जठी बोलले तठीच बोला."

त्याच संध्याकाळी रतनसिंग मंदिराच्या ओट्यावर गेला. नायक गोविंदसिंग होते, नेहमीची पाचसात माणसं होती, शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बाया होत्या. त्याने उभ्यानेच सांगितलं. हरणीला फवारणीचं काही झालं नव्हतं, चंपाबाईची काही चूक नव्हती, मी आज्याला नात लावली त्यानं हे झालं. नायकालाही सांगितलं की तुमच्या कुत्र्याची जोड आमच्या घराण्यातल्या कुत्रीशी लावू नका.

त्याला वाटलं होतं लोक तोंडावर थुंकतील. तसं काही झालं नाही.

"म्हंजे कुत्र्यालेबी गोत असते म्हना," एक जण म्हणाला आणि दोघेतिघे हसले.

"चंपा भौजी हेच म्हने तवा," दुसरा म्हणाला. "मी होतो ना. तुमीच हसले होते तिले."

"तूबी हसला," रतनसिंग म्हणाला.

"मी तं तुमी हसले म्हनून हसलो."

गोविंदसिंग विचारात पडले होते. "पन रतनसिंग, त्या दिवशी फवारनी तं झाली होती. कुत्री त्याच दिवशी पडली. ते मॅडम नवी हाय, तिले काय समजते? थोडंफार जहर असनच."

बाकीच्यांनी माना हलवल्या. तसं असेलच, कुणीतरी म्हणालं. रतनसिंगला त्या क्षणी किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. लोक त्याच्या बाजूचे होते, ते त्याला त्याची जुनी गोष्ट परत देत होते, आणि ती देताना त्यांना हेही कळत नव्हतं की ती चंपाबाईच्या डोक्यावरून काढून पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवायची आहे.

"नाई," तो म्हणाला. "जहर नोतं. थोडंबी नोतं. मीच विचारून आलो तिले, थोडं असन काय म्हनून."

टाकीवरची एक बाई हंडा उचलत म्हणाली, "आता कायले काढता ते? गेली बिचारी. ऐकाले कोन हाय?"

 पुढच्या काही दिवसांत त्याच्या लक्षात आलं की एकदा सांगून भागत नाही. त्याने जे रागाच्या भरात एका दमात सांगितलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. आता जे सांगितलं ते लोक ऐकत, बरं म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी नवख्या माणसाला पुन्हा फवारणीचीच गोष्ट सांगत. किराणा दुकानापुढे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो आत जाऊन पुन्हा म्हणाला, तसं नव्हतं ते. दुकानदार म्हणाला, हो हो, ते रक्ताचं काहीतरी. हेमलाच्या तांड्यात जाऊन त्याने हेमलालाही सांगितलं. हेमलाने चिडून आपला कुत्रा परत न्यायला सांगितलं, मग कुत्रा दारात आल्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि राहू दे म्हणाला.

महिन्याअखेर उदयसिंग आपणहून पिकअप घेऊन आले. पवळीही आणली होती. एकाच फेरीत दोघांचं उरकून टाकू म्हणाले. दवाखान्यात बाईंनी आधी बादलचं ऑपरेशन केलं, मग पवळीचं. रतनसिंग बाहेर बाकावर बसून होता. बापाच्या वेळेपासून फिरत आलेलं रक्त तिथे आत बंद होत होतं. त्याचं दुःख होईल असं त्याला वाटलं होतं. झालंही. पण दुसऱ्या दुःखाच्या मानाने ते फारच हलकं होतं, आणि याचीच त्याला लाज वाटली, कारण याच रक्तासाठी त्याने चंपाबाईला चारचौघांत हिणवलं होतं.

निघताना कारंज्याच्या बाहेरच्या फाट्यावर उदयसिंगांनी गाडी हळू केली. डावीकडे चंदाबाईच्या तांड्याचा रस्ता होता.

"घेऊ काय इकडून?" त्यांनी विचारलं. "बुढी घरीच असन."

मागे दोन्ही कुत्री गुंगीत पडली होती. बादलची जीभ एका बाजूला लोंबत होती.

"यायले गुंगी हाय," रतनसिंग म्हणाला. "पुन्हा येऊ."

 गाडी सरळ गेली.

टाके सुकले. बादल पुन्हा रोह्यांमागे पळू लागला. हरभरा निघाला, ऊन तापू लागलं. एके दुपारी चंदाबाईचा फोन आला. तिला फोन लावता येत नाही, कुणीतरी लावून दिला होता. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ती मोठ्याने बोलत होती. रंजीताकडून तिने कुत्र्यांना कारंज्याला नेलं होतं एवढंच ऐकलं होतं. रंजीताने बाकी काही सांगितलेलं नव्हतं.

"जावई," ती म्हणाली, "तिच्या पिल्लायले तं नाई ना लागलं ते जहर? मले झोप नाई. माह्या पोरीच्या हातानं पिल्लायचंबी वाईट झालं काय, हेच मनात येते."

"नाई याडी," रतनसिंग म्हणाला. "पिल्लं चांगली हायत."

"मंग बरं," ती म्हणाली. "माफ करा तिले."

तो काहीतरी बोलणार होता. तिकडे फोन ज्याचा होता त्याने तो घेतला आणि बंद केला. रतनसिंगने पुन्हा लावला नाही. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही, समोर जाऊनच सांगायला हवी, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण हे कारण आपल्याला किती चटकन सापडलं, हेही त्याला दिसलं.

नायकाला सांगून झालं, हेमलाला सांगून झालं, व्याह्यांना आणि लेकीला सांगून झालं. चंदाबाईला अजून सांगायचं राहिलं आहे.